कूव्हात कोण हरलं?

सॉकरच्या २०१८ सालच्या विश्वचषकासाठी अमेरिकेचा पुरुष संघ पात्र ठरला नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, २०२२ साली संघ कतारला जाऊनही आला, आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी तर यजमान म्हणून अमेरिकेला पात्रता फेरी खेळावीच लागली नाही. मग ही जुनी मढी आता कशाला उकरायची, असं कोणी विचारील.

उकरायची अशासाठी, की त्या पराभवावर तेव्हा रकानेच्या रकाने लिहून आले, दूरदर्शनवर माजी खेळाडू तावातावाने बोलले, आणि त्यातल्या बहुतेकांचा नेम चुकला असं माझं मत आहे. जिथे बोट दाखवायला हवं होतं तिथे कोणी दाखवलं नाही. कारण तिथे उभे आहोत तुम्ही-आम्ही. शनिवारी सकाळी मिनीव्हॅनमध्ये घडीच्या खुर्च्या आणि संत्र्याच्या फोडींचा डबा टाकून मुलांना मैदानावर पोचवणारे आपण सारे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टरेट केली ती नियंत्रण प्रणालींवर, म्हणजे यंत्राने स्वतःची चूक ओळखून ती आपली आपण कशी सुधारावी या विषयावर. सॉकर मी कधी खेळलो नाही. पाहतो भरपूर, आणि गेली आठ-नऊ वर्षं मुलांच्या क्लबची फी भरतो. तेव्हा हे जाणकाराचं भाष्य नव्हे. बिघाड शोधून पोट भरणाऱ्या एका पालकाने केलेली ही तपासणी समजा. (आणि शब्दाबद्दल एक खुलासा. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्याला मी इथल्या रिवाजाप्रमाणे सॉकरच म्हणतो, नाहीतर घरातली मुलंच आपली दुरुस्ती करतात.)

त्या रात्री काय झालं

१० ऑक्टोबर २०१७. त्रिनिदादमधलं कूव्हा हे गाव, तिथलं एटो बोल्डन स्टेडियम. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन या विभागातल्या सहा संघांच्या अंतिम फेरीतला अमेरिकेचा हा दहावा आणि शेवटचा सामना. चारच दिवस आधी ऑरलँडोला अमेरिकेने पनामाला ४-० असं धुऊन काढलं होतं. समोरचा त्रिनिदाद-टोबॅगोचा संघ केव्हाच स्पर्धेबाहेर गेलेला. आधीच्या नऊ सामन्यांत त्याचा एकच विजय. अमेरिकेला नुसती बरोबरी पुरेशी होती. हरले असते तरी स्पर्धेबाहेर फेकलं जायला पनामा आणि होंडुरास या दोघांनीही त्याच रात्री आपापले सामने जिंकायला हवे होते.

आदल्या दिवशी पावसाने मैदानाभोवतीची धावपट्टी पाण्याखाली गेली होती. बूट भिजू नयेत म्हणून खेळाडूंना पाठुंगळी घेऊन पलीकडे नेतानाची छायाचित्रंही प्रसिद्ध झाली. सामन्याला प्रेक्षक जेमतेम दीड हजार. १७ व्या मिनिटाला ओमार गोन्झालेसने बाजूने आलेला चेंडू अडवायला पाय घातला. चेंडू त्याच्या पायावरून उंच उडाला आणि गोलरक्षक टिम हॉवर्डच्या डोक्यावरून आपल्याच जाळ्यात पडला. ३७ व्या मिनिटाला ऑल्विन जोन्सने तीस-पस्तीस यार्डांवरून असा फटका मारला, की हॉवर्डने झेप घेऊनही उपयोग झाला नाही. मध्यंतरानंतर लगेच ख्रिस्तियन पुलिसिकने एक गोल फेडला. ७७ व्या मिनिटाला क्लिंट डेम्प्सीचा फटका गोलखांबावर आदळून परत आला. सामना १-२ असा गेला.

तिकडे पनामाने पिछाडीवरून येऊन कोस्टारिकाला २-१ हरवलं, आणि त्यातला पहिला गोल असा, की चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता. होंडुरासने दोनदा मागे पडून मेक्सिकोवर ३-२ विजय मिळवला. पनामा आणि होंडुरास प्रत्येकी १३ गुण, अमेरिका १२ गुण, पाचवी. १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात विश्वचषक खेळलेला देश घरी बसला.

इतिहासाचा योगायोग असा, की १९९० चा तो पहिला प्रवेशही याच बेटावर मिळाला होता. १९ नोव्हेंबर १९८९ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पॉल कॅलिजुरीच्या एकुलत्या एका गोलने अमेरिका जिंकली आणि चाळीस वर्षांनी विश्वचषकात गेली. तेव्हा बरोबरी पुरणार होती ती त्रिनिदादला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी हिशेब चुकता केला.

नशीब, प्रशिक्षक आणि निवडणूक

पराभवानंतर तीन प्रकारची मतं ऐकू आली. पहिलं, नशीब फुटकं. स्वयंगोल, खांबाला लागलेला चेंडू, पनामाचा न झालेला गोल. वाईट रात्र होती खरी, पण पात्रता फेरी एका रात्रीची नसते. दहा सामन्यांत तीन विजय, तीन बरोबरी, चार पराभव. त्यांतले दोन, मेक्सिको आणि कोस्टारिकाविरुद्धचे, घरच्या मैदानावर. दहा वेळा नाणेफेक केल्यावर जे दिसतं त्याला आमच्या धंद्यात नशीब म्हणत नाहीत.

दुसरं, प्रशिक्षक चुकले. यात तथ्य आहे. युर्गेन क्लिन्समनच्या हाताखाली २०१६ च्या नोव्हेंबरात पहिले दोन्ही सामने हरले, कोस्टारिकात तर ०-४. त्यांची उचलबांगडी झाली आणि ब्रूस अरीना आले. अरीनांनी संघ सावरला, पण कूव्हाच्या ओल्या मैदानावर त्यांनी चार दिवसांपूर्वीचेच अकरा खेळाडू जसेच्या तसे उतरवले. सामन्यानंतर ते म्हणाले, की या निकालापायी भलते बदल करणं मूर्खपणाचं ठरेल. तीन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. प्रशिक्षकाने एक सामना का हरला, याचं हे उत्तर झालं. तेहेतीस कोटी वस्तीच्या देशाचं भवितव्य चौदा लाख वस्तीच्या बेटावरच्या एका सामन्यावर येऊन का ठेपलं, याचं उत्तर त्यात नाही.

तिसरं, संघटना नालायक, अध्यक्ष बदला. अध्यक्ष होते सुनील गुलाटी. जन्म अलाहाबादचा, पेशा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवण्याचा. त्यांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं. फेब्रुवारी २०१८ च्या निवडणुकीत आठ उमेदवार होते आणि निवडून आले कार्लोस कॉर्डेरो, ज्यांचा जन्म मुंबईचा. आपल्या मंडळींनी या योगायोगाची चर्चा चवीने केली. पण कॉर्डेरो आधी त्याच संघटनेचे उपाध्यक्ष होते. पराभवाच्या सुमारास संघटनेच्या गाठीला सुमारे १५ कोटी डॉलर्स शिल्लक होती. पैसा नव्हता म्हणून हरले, असं म्हणायला तोंड नव्हतं. पैसा होता. तो कोणाकडून येत होता आणि कशासाठी, एवढाच प्रश्न होता, आणि तो निवडणुकीतल्या घोषणांच्या गदारोळात नीट विचारला गेला नाही.

घंटा वाजत होती

कुठलीही मोठी यंत्रणा एका रात्रीत कोसळत नाही. आधी किरकोळ कुरकुर होते. इथेही झाली होती. २०११ च्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेला अमेरिकेचा संघ पात्र ठरला नाही. २०१२ च्या ऑलिंपिकला ठरला नाही. २०१६ च्या ऑलिंपिकलाही ठरला नाही. जी पोरं २०११-१२ साली विशीच्या आगेमागे होती ती २०१७ साली पंचवीस ते अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे खेळाडूच्या भरातल्या वयाची असायला हवी होती. कूव्हाच्या संघात त्या वयाचे खेळाडू नव्हते असं नाही. पण भिस्त कोणावर होती ते पाहा. गोलात ३८ वर्षांचा हॉवर्ड, गोल मारायला १९ वर्षांचा पुलिसिक, आणि अडचणीत सापडल्यावर बाकावरून बोलावलेला ३४ वर्षांचा डेम्प्सी. घरात आजोबा कर्ते आणि नातू हुशार. मधली पिढी कुठे आहे हे कोणी विचारायचं नाही.

मग घंटा ऐकू का आली नाही? कारण आपल्या विभागाची परीक्षा सोपी होती. सहा संघांतले पहिले तीन थेट विश्वचषकात, चौथ्याला आणखी एक संधी. सहा मुलांच्या वर्गात चौघांना आशा लावणारी परीक्षा! युरोपात हॉलंडसारखा देश एका गटात तिसरा आला आणि बाहेर गेला. आमच्या विषयात सुरुवातीलाच शिकवतात, की सुरक्षेची मर्यादा फार मोठी ठेवली की दोष नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. सात विश्वचषक आपण पास झालो, आणि दरवेळी गुणपत्रिका न पाहता पेढे वाटले.

मैदानावरचे चौघे

दोष कुठला, हे समजून घ्यायला त्या रात्री मैदानावर उतरलेल्या चार खेळाडूंकडे पाहू. ते वाईट खेळले की चांगले, हा प्रश्न बाजूला ठेवा. ते तिथवर पोचले कसे, एवढंच विचारा.

पहिला पुलिसिक. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावचा. आई-वडील दोघेही सॉकर खेळलेले, वडील व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक. आजोबा क्रोएशियाचे म्हणून त्याला तिथला पासपोर्ट मिळाला, आणि त्या जोरावर तो सोळाव्या वर्षी जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. पासपोर्ट नसता तर नियमाप्रमाणे अठरापर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणजे या खेळाडूला घडवलं ते त्याच्या घराने आणि जर्मन क्लबाने.

दुसरा डेम्प्सी. टेक्सासातल्या नाकोगडोचेसचा. ट्रेलर पार्कमध्ये वाढला, मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतल्या पोरांबरोबर मोकळ्या मैदानात खेळला. चांगला क्लब डलासला, तीन तासांच्या अंतरावर. आई-वडील त्याला नेत-आणत. पण बहीण टेनिसमध्ये पुढे येत होती, दोघांचा खर्च झेपेना, तेव्हा क्लिंटचं सॉकर थांबवावं लागलं. १९९५ साली ती बहीण अकस्मात वारली. त्यानंतर तो पुन्हा क्लबात गेला, संघातल्या इतर मुलांच्या पालकांनी ने-आण आणि खर्चाला हातभार लावला. अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूंपैकी हा एक, आणि तो आपल्याला मिळाला तो शेजारधर्मामुळे.

तिसरा डावा बचावपटू होर्हे व्हियाफान्या. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला जन्मलेला. २००७ साली 'स्वेन्यो एमएलएस' नावाची दूरचित्रवाणीवरची स्पर्धा त्याने जिंकली, म्हणून एका व्यावसायिक क्लबाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. राष्ट्रीय संघातला बचावपटू सापडला तो आपल्याकडे गायक सापडतात तसा, टीव्हीवरच्या स्पर्धेत!

चौथा उजवा बचावपटू डिआंड्रे येडलिन, सिॲटलच्या परिसरातला. त्याची गोष्ट सर्वांत उद्बोधक. जागतिक नियम असा, की एखादा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतला पाच टक्के हिस्सा, त्याला बारा ते तेवीस या वयात ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्या क्लबांना वाटून द्यायचा. येडलिन २०१४ साली टॉटनहॅमला विकला गेला. लहानपणी तो क्रॉसफायर प्रीमियर या क्लबात खेळला होता. क्लबाने आपला वाटा मागितला. सुमारे लाखभर डॉलर्सचा प्रश्न होता. पण इथे हा नियम लागू केला तर स्थानिक कायद्याचा भंग होईल, अशी भूमिका घेऊन अमेरिकेत तो पाळलाच जात नसे. प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं.

घर, शेजारी, टीव्ही, आणि ज्याच्या कष्टाचा मोबदला अडला असा एक क्लब. या चौघांत 'देशाने शोधून काढलेला' असा कोण आहे?

गिऱ्हाईक कोण?

येडलिनच्या प्रकरणात सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. ब्राझील, अर्जेंटिना, हॉलंड, कुठल्याही देशातल्या लहान क्लबाचा विचार करा. गल्लीतलं एखादं गरीब पोर हेरलं, त्याला पाच वर्षं फुकट शिकवलं, बूट दिले, जेवायला घातलं, तर उद्या ते विकलं गेल्यावर क्लबाला छप्पर घालता येतं. म्हणजे क्लबाचा माल आहे खेळाडू, आणि गिऱ्हाईक आहे मोठा क्लब. त्यामुळे चांगलं पोर कुठल्या वस्तीत आहे हे शोधण्यात त्याचा स्वार्थ आहे. आपल्या इथे ती वाट बंद होती. चांगला खेळाडू घडवून क्लबाला दमडी मिळत नसेल तर त्याचं भाडं, त्याच्या प्रशिक्षकाचा पगार कोठून निघणार? फीमधून. आणि फी कोण देणार? तुम्ही आणि मी.

गिऱ्हाईक एकदा बदललं की मालही बदलतो. आमच्या भागातल्या क्लबात नऊ वर्षांच्या मुलीची वर्षाची फी अडीच हजार डॉलर्स आहे. गणवेश, बॅग, हिवाळ्यातलं इनडोअर, तीन-चार गावांतल्या स्पर्धा आणि तिथली हॉटेलं वेगळी. या पैशात मला काय मिळतं, हे मी इंजिनिअरच्या सवयीने मांडून पाहिलं. ठरलेलं वेळापत्रक, हिरवंगार मैदान, इंग्रजी उच्चाराचा प्रशिक्षक, वर्षअखेर एक चषक, आणि पुढेमागे कॉलेजच्या अर्जावर लिहायला एक ओळ. हे सगळं क्लब अगदी चोख देतो. तक्रारीला जागा नाही.

पण चषक विकायचा तर आज जिंकायला हवं. म्हणून नवव्या वर्षी निवड होते ती अंगाने थोराड मुलांची. पायात जादू असलेला पण चणीने लहान मुलगा 'बी' संघात जातो आणि दोन वर्षांत लॅक्रॉसकडे वळतो. चुकत शिकणाऱ्या मुलाला चेंडू लांब टोलवायला सांगतात, कारण चूक केली तर गोल बसतो, आणि गोल बसला तर पालक दुसऱ्या क्लबाची चौकशी करतात. यात प्रशिक्षक दुष्ट नाही आणि पालकही नाहीत. प्रत्येक जण आपल्यापुरतं शहाणपणाने वागतो आहे.

त्याच मैदानावर रविवारी संध्याकाळी दुसरी मंडळी येतात. हॉटेलांत भांडी घासणारी, बागांची कामं करणारी, ग्वाटेमाला आणि होंडुरासची. त्यांची पोरं कडेला कोकच्या डब्याशी जे खेळ करतात ते पाहिले, की शनिवारचे सामने कवायतीसारखे वाटतात. ती पोरं शनिवारी दिसत नाहीत. त्यांना कोणी हाकलत नाही. फीची रक्कम पाहून ती येतच नाहीत. आणि आलीच, तर तीन राज्यांतल्या स्पर्धांना त्यांना गाडीने नेणार कोण? कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाचा जोनाथन गोन्झालेस मेक्सिकोतल्या माँतेर्रेच्या क्लबात घडला, आणि कूव्हानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, त्याने अमेरिकेऐवजी मेक्सिकोकडून खेळायचं ठरवलं. त्याच्यावर काही जण रागावले. ज्या दुकानाने दार उघडलं त्याच्याकडे माणूस जाणारच.

म्हणून माझं म्हणणं असं, की कूव्हात यंत्रणा बिघडली नव्हती. यंत्रणा ज्यासाठी उभी होती ते काम ती उत्तम करत होती. मध्यमवर्गीय उपनगरातल्या मुलांना निरोगी शनिवार देणं, हे तिचं काम. राष्ट्रीय संघ हे त्या कारखान्यातलं उपउत्पादन, उसाच्या मळीसारखं. निघालं तर निघालं.

उलट बाजू

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला महिला संघाचा. त्याच फीच्या व्यवस्थेतून आलेल्या अमेरिकन मुलींनी २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले. मग व्यवस्था वाईट कशी? याचं उत्तर असं, की १९७२ च्या कायद्याने, ज्याला टायटल नाइन म्हणतात, कॉलेजांना मुलींच्या खेळालाही संधी देणं भाग पडलं, तेव्हा बहुतेक देशांत मुलींनी सॉकर खेळावं हेच लोकांना मान्य नव्हतं. शर्यतीत दोन फेऱ्यांची आघाडी असली की बुटात खडा असला तरी चालतं. पुढे युरोपातल्या मोठ्या क्लबांनी मुलींच्या संघांवर पैसा लावला, आणि २०२३ साली अमेरिका स्वीडनकडून उपउपांत्यपूर्व फेरीतच, पेनल्टींवर, बाहेर पडली. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण त्यांनी पुन्हा जिंकलं, म्हणजे ताकद आहेच. पण आघाडी पूर्वीची राहिली नाही.

दुसरा आक्षेप इटलीचा. तिथे असली फी नाही, क्लबांना शतकाची परंपरा आहे, तरी स्वीडनकडून हरून इटलीही २०१८ ला मुकली. १९५८ नंतर प्रथमच. २०२२ ला उत्तर मॅसिडोनियाकडून हरून पुन्हा मुकली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फी काढून टाकली की चषक हाती, असं सूत्र नाही. घसरण कोणाचीही होऊ शकते. फरक पडतो तो नंतर काय करता यात. २००० च्या युरोपियन स्पर्धेत जर्मनी गटात तळाला गेली. तेव्हा त्यांच्या संघटनेने आपल्या खर्चाने देशभर शेकडो प्रशिक्षण केंद्रं उघडली, प्रत्येक मोठ्या क्लबाला मुलांची अकादमी चालवणं सक्तीचं केलं, आणि २०१४ ला विश्वचषक जिंकला. चौदा वर्षं लागली. पंधरा कोटी डॉलर्सची शिल्लक असलेल्या संघटनेला हे उदाहरण डोळ्यासमोर होतं.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. शिवाजी पार्कवर आचरेकर सर लहानग्या सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत, हे आपल्या पिढीला पाठ आहे. सरांची पुंजी होती शिष्याच्या धावा. शिष्याच्या वडिलांचं चेकबुक किती जाड, यावर त्यांचा नेट चालत नव्हता. आज मुंबईतही चित्र पालटलं आहे असं पाहुणे सांगतात, पण ती मुळं होती म्हणून मुंबई क्रिकेट उभं राहिलं.

नंतर काय बदललं, काय नाही

काही बदललं, आणि जे बदललं ते माझ्या मुद्द्याला पुष्टी देणारं आहे. एमएलएसच्या व्यावसायिक क्लबांनी अलीकडच्या काळात स्वतःच्या अकादम्या उभ्या केल्या, त्यांतल्या बहुतेक विनाशुल्क. आपण घडवलेला खेळाडू युरोपला विकून पैसे मिळतात, हे क्लबांना उमगलं. २०१९ साली एमएलएसने, प्रशिक्षणाचा जागतिक नियमांप्रमाणे मिळणारा मोबदला आपण यापुढे मागणार, असं जाहीर केलं. २०२२ ला कतारमध्ये अमेरिकेचा कर्णधार होता २३ वर्षांचा टायलर अॅडम्स. एकट्या आईने वाढवलेला, न्यूयॉर्क रेड बुल्सच्या अकादमीत घडलेला. तो संघ इंग्लंडशी ०-० बरोबरीत राहिला, इराणला हरवून पुढे गेला आणि हॉलंडकडून १-३ हरला.

शेजारच्या कॅनडाचं उदाहरण याहून बोलकं. आल्फोन्सो डेव्हिस घानामधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला आणि लहानपणी एडमंटनला आला. गरीब वस्तीतल्या शाळकरी मुलांसाठी तिथे 'फ्री फूटी' नावाचा उपक्रम चाले; फी नाही, बूट आणि बस त्यांचीच. तिथे तो पहिल्यांदा नजरेत भरला. पुढे व्हँकुव्हरने त्याला बायर्न म्युनिकला विकलं, आणि २०२२ च्या पात्रता फेरीत कॅनडा आपल्या विभागात पहिली आली. अमेरिका तिसरी.

जे बदललं नाही ते खालच्या पायरीवर. व्यावसायिक क्लबाची अकादमी मोठ्या शहरात, बारा-तेरा वर्षांपुढच्या मोजक्या मुलांसाठी. त्याआधीची सहा-सात वर्षं, ज्यात पायाला चेंडूची ओळख होते, अजून आपल्या चेकबुकावर चालतात. राष्ट्रीय संघटनेची २००७ पासूनची डेव्हलपमेंट अकादमी २०२० साली बंद झाली. २०२४ च्या कोपा अमेरिकात घरच्या मैदानांवर खेळूनही संघ गटातच गारद झाला. हरला तो पुन्हा पनामाकडून, आणि मग उरुग्वेकडून. प्रशिक्षक ग्रेग बरहॉल्टर गेले, मॉरिसियो पोचेतिनो आले. पुन्हा वरची खुर्ची बदलली. २०२६ ला तर पात्रतेची परीक्षाच नव्हती. सलग सात वर्षं पास होऊन आठव्या वर्षी नापास झालेल्या विद्यार्थ्याला नंतर एकदा परीक्षेतूनच सूट मिळाली, तर तो सुधारला की नाही हे कळायचं कसं?

आणि आपण

आता कोणी म्हणेल, राष्ट्रीय संघ पोचो न पोचो, आम्हाला काय त्याचं? आमची मुलं थोडीच विश्वचषक खेळणार आहेत? आम्ही व्हायोलिनची फी भरतो, गणिताच्या शिकवणीची भरतो, तशी सॉकरची. बरोबर आहे. फी भरण्यात गैर काहीच नाही, आणि मीही यंदाची भरली आहे. पण गिऱ्हाईकाला एक अधिकार असतो, आणि आपण तो वापरत नाही. क्लबाच्या पालकसभेत आपली मंडळी पार्किंग, फोटो आणि खेळण्याची मिनिटं यांबद्दल बोलतात. तीन साधे प्रश्न मी अजून कोणाकडून ऐकलेले नाहीत. किती मुलं विनाशुल्क खेळतात? त्यांना स्पर्धेला नेण्याआणण्याची सोय कोण करतं? दहा वर्षांखालच्या संघाच्या प्रशिक्षकाचं काम तुम्ही चषकांवर मोजता, की दोन वर्षांनी किती मुलं खेळात टिकली यावर?

डेम्प्सीला क्लबात परत आणलं ते त्याच्या संघातल्या मुलांच्या आई-वडिलांनी. ना संघटनेने ठराव केला, ना निवडणूक झाली. आपल्या मंडळात गाड्या आहेत, शनिवार मोकळे असलेली माणसं आहेत, गणेशोत्सवाला आणि पिकनिकला वर्गणी काढायची उत्तम सवय आहे. एका क्लबात, दोन मुलांचा वर्षाचा खर्च आणि त्यांना नेणारी एक मिनीव्हॅन, एवढं एका मंडळाला जड नाही. वसंत ऋतूतली नोंदणी फेब्रुवारीत सुरू होते. त्याआधी कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. वाचकांपैकी कोणाला सूचना असतील तर त्या तोवर संपादकांकडे पाठवाव्यात.